तुलना एकट्याने होत नाही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात मी बरीच वर्षे शिकवले. त्या वर्गातील काही विद्यार्थी आज आपापल्या मुलांना घेऊन समोर बसलेले दिसतात. शिक्षकाला याहून मोठा सत्कार नको असतो. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी 'तौलनिक शिक्षण आणि त्यातील संयुक्त संशोधन' असे सांगितले. ते ऐकून त्यांचा चेहरा किंचित उतरला. पण सौजन्याने ते काही बोलले नाहीत. त्यांचे भय दूर करणे हे माझे पहिले काम आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण नोकरीच्या निमित्ताने या हिंदी मुलखात आलो. बदलीचा हुकूम हाती पडला की पहिली चिंता बिऱ्हाडाची आणि दुसरी मुलांच्या शाळेची. 'तिकडे सातवीत शिकवतात ते इकडे सहावीतच होते', 'तिकडचे गणित पक्के, इकडचे इंग्रजी बरे' ही वाक्ये आपल्या प्रत्येक घरात बोलली गेली आहेत. ही तुलनाच होय. प्रश्न इतकाच की, ती करण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे काय? मला ती ठाऊक नव्हती, आणि त्यामुळे माझ्या हातून एका मुलीवर अन्याय होण्याची वेळ आली होती. तेथूनच आरंभ करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्याकडून बदलून आलेल्या बँकेतील एका गृहस्थांची मुलगी येथील एका शाळेत चौथीत दाखल झाली. पहिल्या परीक्षेनंतर शाळेने कळवले की, मुलगी गणितात कच्ची आहे, तिला एक इयत्ता खाली बसवावे. वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. मी तिला मराठीतून तोंडी हिशेब घातले. तिने ते भराभर सोडवले. मी तत्काळ निकाल दिला : मुलगी उत्तम आहे, शाळाच कच्ची आहे. वडिलांना तो निकाल अर्थातच आवडला.

आमच्या शेजारी एक वयोवृद्ध हिंदी शिक्षक राहत असत. त्यांना मी ही हकीकत काहीशा तोऱ्यात सांगितली. त्यांनी मुलीला बोलावून घेतले, हिंदीतून हिशेब घातले आणि मला म्हणाले, "मास्टरसाहब, स्कूलवाले ठीक कहते हैं।" एकच मुलगी, दोन अनुभवी शिक्षक आणि दोन विरुद्ध निकाल! अखेरीस एका संध्याकाळी आम्ही दोघे व्हरांड्यात एकाच चटईवर बसलो. प्रत्येक संख्या दोन्ही भाषांतून उच्चारायची आणि मुलीने ती आकड्यांत लिहायची, असे ठरवले. 'एकोणनव्वद' म्हटले की ती ८९ लिहीत असे. 'नवासी' म्हटले की क्षणभर थबके आणि नव्वदीच्या घरातली एखादी संख्या लिहून मोकळी होई. मराठीत ही संख्या म्हणजे नव्वदाला एक कमी. हिंदीत तीच संख्या म्हणजे ऐंशीवर नऊ. दोष तिच्या बेरजेत नव्हता; तो ऐकण्यात होता. दोन महिने संख्यावाचनाचा सराव केला आणि तिची इयत्ता वाचली.

त्या संध्याकाळी जे सापडले, ते मला एकट्याला सापडले नसते. कारण हिंदीतून प्रश्न विचारावा हे माझ्या मनातच आले नव्हते. त्यांनाही ते सापडले नसते. कारण मराठीतून विचारणे त्यांना शक्य नव्हते. पुढे या शास्त्राचे वाचन करताना मला दिसून आले की, आम्ही व्हरांड्यात जे केले, तेच मोठमोठ्या देशांच्या संशोधकांनाही बऱ्याच चुका करूनच शिकावे लागले आहे.

तौलनिक शिक्षणाचा आरंभ साधारणपणे १८१७ पासून मानतात. त्या वर्षी मार्क-आंत्वान ज्युलियन या फ्रेंच विचारवंताने युरोपातील निरनिराळ्या देशांना पाठवण्यासाठी एक लांबलचक प्रश्नावली सिद्ध केली. शाळा किती, शिक्षकांची तयारी कशी, वेतन किती, याची उत्तरे तक्त्यांत मांडली म्हणजे कोणत्या देशाचे काय घ्यावे हे आपोआप दिसेल, अशी त्याची श्रद्धा होती. प्रश्न एकाने करायचे आणि उत्तरे इतरांनी द्यायची, ही त्या योजनेची घडण होती.

१९०० मध्ये मायकेल सॅडलर या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाने गिल्डफर्ड येथील व्याख्यानात या श्रद्धेला हात घातला. त्याचा आशय असा की, परक्या देशाची शिक्षणपद्धती म्हणजे फुले वेचण्याची बाग नव्हे. एका झुडपाचे फूल आणि दुसऱ्याची पाने आणून घरच्या मातीत खोचली म्हणून जिवंत रोप तयार होत नाही. शाळेच्या बाहेर जे घडते, तेच शाळेच्या आत घडणाऱ्या गोष्टींना अर्थ देते. हेच सॅडलर पुढे आपल्याकडे आले. १९१७ मध्ये नेमलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे ते अध्यक्ष होते. त्या आयोगात सर आशुतोष मुखर्जी आणि डॉ. झियाउद्दीन अहमद हे भारतीय सदस्यही होते. आयोगाचा अहवाल १९१९ मध्ये सादर झाला. परक्याने एकट्याने पाहण्याऐवजी घरच्या माणसाला शेजारी बसवून पाहावे, ही रीत अपुऱ्या प्रमाणात का होईना, तेथे दिसते. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातील ते सहकार्य समान पातळीवरचे नव्हते, हे मात्र विसरता येणार नाही.

याच काळात महाराष्ट्रात एक उदाहरण घडले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. जपानचे फूल येथे आणून खोचण्याचा हा प्रकार नव्हता. अण्णांनी आपल्या समाजातील स्त्रियांची स्थिती, बालविवाह, वैधव्य आणि इंग्रजी माध्यमाचा अडसर यांचा विचार करून मातृभाषेला शिक्षणाचे माध्यम केले आणि इंग्रजीला एका आवश्यक विषयाचे स्थान दिले. मात्र ज्या विद्यापीठावरून स्फूर्ती घेतली, ते पाहण्याचा योग बराच उशिरा आला. वयाची सत्तरी उलटल्यानंतर, १९२९ मध्ये, ते परदेशप्रवासाला निघाले. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत त्यांनी आपल्या प्रयोगाविषयी व्याख्यान दिले, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील परिषदेला हजेरी लावली, अमेरिकेत व्याख्याने दिली, टोकियोचे महिला विद्यापीठ पाहिले, आणि १९३० मध्ये ते परतले. माहिती घेणारा माणूस चौदा-पंधरा वर्षांनी माहिती देणारा म्हणून जगापुढे उभा राहिला, हे मला या प्रवासातील विशेष वाटते. ज्ञानाची देवघेव दोन्ही बाजूंनी झाली म्हणजेच तिला सहकार्य म्हणता येते.

स्वातंत्र्यानंतरचे मोठे उदाहरण कोठारी आयोगाचे. १९६४ मध्ये नेमलेल्या या आयोगात एकूण १७ सदस्य होते. त्यांपैकी पाच जण अनुक्रमे अमेरिका, सोव्हिएत रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि जपान या देशांतून आलेले होते. अमेरिका आणि रशिया यांच्यातील शीतयुद्ध त्या वेळी ऐन भरात होते. तरीही भारतातील शाळांच्या प्रश्नावर त्यांची माणसे एका टेबलाशी बसली. आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. खेड्यातील प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. परदेशी सदस्यांकडे सिद्धांत होते, आकडे होते; या मातीचा अनुभव मात्र येथल्यांकडेच होता. १९६६ च्या अहवालात दोन्हींचा उपयोग झालेला दिसतो. त्यातील दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध पुढे देशभर रूढ झाला. शेजारशाळेची, म्हणजे श्रीमंत-गरीब सर्वांची मुले एकाच शाळेत शिकण्याची शिफारस मात्र कागदावरच राहिली. संशोधन संयुक्त असले तरी इच्छाशक्ती उसनी आणता येत नाही, हाही त्यातील धडाच आहे.

आता मोजमापाकडे येतो. १९५८ मध्ये हँबुर्ग येथील युनेस्कोच्या शिक्षणसंस्थेत काही संशोधक एकत्र आले. निरनिराळ्या देशांतील मुले शाळेत प्रत्यक्ष काय शिकतात हे एकाच मापाने मोजता येईल काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्यातून जी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिने प्रथम बारा देशांतील तेरा वर्षांच्या मुलांची प्रायोगिक पाहणी केली. त्यांत अमेरिका होती, इंग्लंड होते, तसेच पोलंड आणि युगोस्लाव्हियाही होते. १९६४ मध्ये गणिताची पाहणी झाली. १९७०-७१ च्या सुमारास विज्ञान, वाचन आदी विषयांच्या पाहण्या झाल्या, तेव्हा भारतही हिंदीभाषक राज्यांपुरता त्यांत सहभागी होता.

या कामातील खरी अडचण गणिताची नव्हती, भाषांतराची होती. एका भाषेत सोपा असलेला प्रश्न दुसऱ्या भाषेत उतरवताना अवघड होतो. कधी तर भाषांतरातच उत्तर सुचवले जाते. म्हणून पुढे नियम कडक होत गेले. २००० पासून होत असलेल्या 'पिसा' या पंधरा वर्षांच्या मुलांच्या चाचणीसाठी असा दंडक आहे की, मूळ प्रश्न इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत सिद्ध करायचे, त्यांवरून दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतरे करायची आणि तिसऱ्याने ती ताडून पाहायची. आमच्या चटईवरचेच हे सूत्र, फक्त विस्तृत प्रमाणावर.

भारताचा या चाचणीचा अनुभव आपल्याला आठवत असेल. हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू या दोन राज्यांनी २०१० मध्ये तीत भाग घेतला. २०११ च्या अखेरीस निकाल आला, तेव्हा ७४ सहभागी देश-प्रदेशांत ही दोन राज्ये बहात्तराव्या आणि त्र्याहत्तराव्या स्थानी होती. प्रश्न आपल्या परिस्थितीला धरून नव्हते, असा आक्षेप सरकारी पातळीवर घेण्यात आला आणि पुढच्या फेरीत भारत सहभागी झाला नाही. आक्षेपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु मापच परके वाटत असेल तर त्यावर दोन उपाय असतात : ते माप घडवण्याच्या कामात जाऊन बसणे, किंवा मोजून घेणेच थांबवणे. आपण दुसरा उपाय निवडला. परिणामी लोकांच्या स्मरणात केवळ क्रमांक राहिला. कोणत्या मुलाला काय येत नाही आणि का येत नाही, हा मूळ प्रश्न मागे पडला. प्रगतिपुस्तकातील क्रमांक पाहून ते मिटून ठेवणारा पालक आपण सर्वांनी पाहिला आहे. कधी कधी आपण स्वतःच तो असतो.

मोजमापाहून वेगळी अशी संयुक्त संशोधनाची एक रीत आहे आणि ती मला सर्वांत अधिक भावली. जोसेफ टोबिन, डेव्हिड वू आणि डाना डेव्हिडसन या तीन संशोधकांनी १९८० च्या दशकात जपानमधील क्योटो, चीनमधील कुनमिंग आणि अमेरिकेच्या हवाई बेटांवरील होनोलुलू येथील एकेका बालशाळेच्या एका दिवसाचे चित्रण केले. येथवर विशेष काही नाही. परंतु ते चित्रण त्यांनी प्रथम त्याच शाळेतील शिक्षिकांना दाखवले आणि 'यात काय चालले आहे ते तुम्हीच सांगा' असे म्हटले. नंतर ते उरलेल्या दोन देशांतील शिक्षकांना आणि पालकांना दाखवले. तिघांनी तिघांकडे पाहायचे आणि तिघांनी बोलायचे. त्यावरचे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

जपानच्या चित्रणात चार वर्षांचा एक मुलगा दिवसभर खोड्या काढतो, इतर मुलांना त्रास देतो, आणि शिक्षिका मध्ये पडत नाही. अमेरिकन प्रेक्षकांना हे दुर्लक्ष वाटले. जपानी शिक्षिकांचे म्हणणे असे की, मुलांनी आपली भांडणे आपणच मिटवावीत म्हणून आम्ही जाणूनबुजून दूर राहतो. एका शिक्षिकेकडे तीसच्या आसपास मुले पाहून अमेरिकनांना त्या मुलांची कीव आली. अमेरिकेतील लहानसा वर्ग पाहून जपान्यांना वाटले की, इतक्या थोड्या मुलांत समूहाने वागण्याचे शिक्षण मिळायचे कसे? कोणाचे खरे, याचा निवाडा संशोधकांनी केला नाही. शाळेकडून आपण काय मागतो, हे प्रत्येक समाजाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळाले. स्वतःचे घर शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहण्याचाच हा प्रकार होता.

आता एक उदाहरण आपल्या देशातून बाहेर गेलेले. मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' ही पाहणी होत आली आहे. तिची रीत अगदी साधी. स्वयंसेवक गावात घरोघर जातो आणि मुलापुढे एक कागद धरतो. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कोठवर वाचते ते टिपायचे. पहिल्याच पाहणीत दिसले की, ग्रामीण भागात पाचवीतील जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. ही पाहणी घरी होते, आईच्या डोळ्यांदेखत होते. त्यामुळे 'मुलगा शाळेत जातो' आणि 'मुलगा शिकतो' यांतील अंतर आईलाही तेथेच कळते. ही रीत पाकिस्तानने घेतली. केनिया, टांझानिया आणि युगांडा येथे ती 'उवेझो' या नावाने सुरू झाली. स्वाहिलीत त्या शब्दाचा अर्थ 'क्षमता' असा आहे. केनियात वाचन इंग्रजी आणि स्वाहिली अशा दोन भाषांतून पाहू लागले. पुढे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील अशा संस्थांचे एक जाळे तयार झाले आणि २०१९ मध्ये तेरा देशांत अंकज्ञानाची एक सामाईक पाहणी झाली. तिची साधने त्या त्या देशांतील माणसांनी एकत्र बसून तयार केली होती. माप कोणी घडवायचे, या प्रश्नाला मिळालेले हे एक समाधानकारक उत्तर होय.

अंकज्ञानाचा विषय निघाला म्हणून पुन्हा आपल्या 'एकोणनव्वद'कडे वळतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' याच्या जोडीला 'वीस एक' असे संख्यावाचन दिले गेले आणि मोठा वाद उठला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांची बाजू अशी होती की, मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतो. शिवाय जोडाक्षरेही अवघड. म्हणून लहान मुले गोंधळतात. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर असाच क्रम आहे. जपानीत एकवीस म्हणजे 'दोन-दहा-एक'. उलट जर्मन भाषेत आपल्यासारखेच 'एक आणि वीस' म्हणतात. म्हणजे ही अडचण मराठी मुलाच्या बुद्धीची नसून भाषेच्या घडणीची आहे, आणि ती आपल्या एकट्याची नाही. 'वीस एक' म्हणावे की 'एकवीस', यावर मतभेद होऊ शकतो. मलाही 'एकवीस' सोडवत नाही. परंतु त्या वादात भाषाभिमानाचा आवाज जितका मोठा होता, तितकी इतर भाषांतील मुले काय करतात याची चौकशी मोठी नव्हती, याची खंत वाटते. सोलापूर-बेळगावच्या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. तेथील दोन शिक्षकांनी एका चटईवर बसावे, एवढेच या प्रश्नाचे मागणे आहे.

आणि बंधुभगिनींनो, आपण तर त्या चटईवरच राहतो. आपल्या घरात दोन भाषा, दोन तऱ्हेची पाठ्यपुस्तके आणि दोन प्रकारचे संख्यावाचन रोज एकत्र नांदते. पन्नास वर्षे हे मंडळ गणेशोत्सव करते, नाटके बसवते, रविवारचा वर्ग चालवते. पुढच्या पन्नास वर्षांच्या आरंभी माझी एक लहानशी विनंती आहे. रविवारच्या वर्गाला महिन्यातून एकदा येथल्या शाळांतील एखाद्या हिंदी शिक्षकाला किंवा शिक्षिकेला बोलवावे. त्यांना सत्कारासाठी बोलवू नये; आपल्या मुलांजवळ बसून दोन्ही भाषांतून वाचून घेण्यासाठी आणि हिशेब करून घेण्यासाठी बोलवावे. जे दिसेल ते एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. पाच वर्षांनी त्या वहीतून जे निघेल, ते आपल्या मुलांच्या उपयोगाचे तर असेलच. पण येथे तेलुगू, बंगाली, ओडिया घरांतून येणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनाही त्याचा उपयोग होईल.

ते वृद्ध शेजारी आज हयात नाहीत. त्या संध्याकाळनंतर आम्ही दोघे पुष्कळदा एकत्र बसलो. ते मराठी संख्या शेवटपर्यंत चुकवत राहिले आणि मी 'उनासी' आणि 'नवासी' यांत गोंधळत राहिलो. त्या गोंधळाची लाज वाटेनाशी झाली, तेव्हापासून मला मुलांच्या चुका अधिक चांगल्या कळू लागल्या.